नोटीस पिरियड: किती दिवस आणि कुणासाठी?

नोकरी सोडताना किती दिवस आधी सांगावं, या वादात सध्या दोनच सूर ऐकू येतात. एक सूर एचआरचा आणि मुरलेल्या मॅनेजरांचा: नियुक्तीपत्रात तीन महिने लिहिलेत, तुम्ही सही केलीत, आता शेवटच्या दिवसापर्यंत थांबा, मधेच जाणारा माणूस बेजबाबदार. दुसरा सूर नोकरदारांचा, आणि गेल्या काही वर्षांतल्या कर्मचारी कपातीनंतर तो जास्तच चढला आहे: कंपनी आम्हाला एका ईमेलवर काढते, मग आम्ही सांगून का जायचं? लॅपटॉप जमा करा आणि निघा. दोन्हीकडचा राग खरा आहे, पण दोन्हीकडची मांडणी कच्ची आहे. नोटीस म्हणजे कंपनी आणि कर्मचारी यांच्यातला निष्ठेचा हिशोब, असं दोघांनीही धरलंय. एक म्हणतो निष्ठा दाखव, दुसरा म्हणतो तू दाखवली नाहीस म्हणून मीही दाखवणार नाही. या भांडणात ज्याच्यासाठी नोटीस द्यायची ते काम, आणि त्या कामावर अवलंबून असलेली माणसं, कुठेच दिसत नाहीत.

माझं म्हणणं असं आहे. नोटीसची मुदत एकाच गोष्टीवरून ठरावी: हातातलं काम दुसऱ्याकडे नीट सोपवायला किती दिवस लागतात. बदली माणूस शोधायला किती लागतात, यावरून ती ठरू नये. जाणाऱ्याचा पगार किती किंवा त्याच्या जाण्यानं वरच्यांना किती राग येईल, यावरून तर नाहीच. या मापानं बघितलं तर बहुतेक व्यावसायिक नोकऱ्यांना एक महिना पुरतो. मालकाला त्याहून जास्त हवं असेल तर त्यानं कारण सांगावं, त्याची किंमत मोजावी आणि निदान तेवढीच मुदत स्वतःवरही बांधून घ्यावी. जाणाऱ्यानं मात्र तो महिना मनापासून द्यावा, टाळाटाळीत घालवू नये. हा शेवटचा भाग मला आधीच्या भागांइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि लांब नोटीशीवर टीका करणारे बहुतेक लोक तो सोडून देतात.

सांगून जावं ही अपेक्षा रास्त आहे, पण जाणाऱ्याला कायद्यानं अडवण्याचा इतिहास फार कडवट आहे. १३४८-४९च्या प्लेगनं इंग्लंडमधली प्रचंड लोकसंख्या मेली, मजूर मिळेनात, मजुरी वाढू लागली. तिसऱ्या एडवर्डच्या सरकारनं १३४९ चा वटहुकूम आणि १३५१ चा कायदा आणला: मजुरी प्लेगपूर्वीच्या दरावर गोठवायची, आणि मुदत संपण्याआधी काम सोडणाऱ्याला तुरुंगात टाकायचं. १५६३ च्या कायद्यानं वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या नोकरांसाठी तीन महिन्यांची पूर्वसूचना सक्तीची केली. आज ज्या ९० दिवसांवर वाद चालतो तो आकडा इतका जुना आहे. कागदावर ती सूचना दोघांनाही लागू होती. पण मोडली तर मालकाला चाळीस शिलिंग दंड आणि नोकराला कैद. १८२३ च्या मास्टर अँड सर्व्हंट कायद्यात काम अर्धवट टाकणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होती, तर पगार बुडवणाऱ्या मालकावर नुसता दिवाणी दावा चालायचा. वसाहतीच्या सरकारनं १८५९ मध्ये भारतातही असाच कायदा आणला: उचल घेऊन काम सोडलं की आधी न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम आणि तो मोडला की तुरुंग. तो रद्द व्हायला १९२५ साल उजाडलं.

कुणी म्हणेल, चौदाव्या शतकातल्या नांगऱ्याची आणि आजच्या पगारदार इंजिनिअरची तुलना कशी होईल? आज राजीनाम्यासाठी कुणी तुरुंगात जात नाही. हे मान्यच आहे, आणि हा फरक छोटा नाही. पण या कायद्यांमागचा विचार बघा. मजुरांची टंचाई होती, त्यांची किंमत वाढत होती, आणि ती किंमत द्यायची नसल्यामुळे जाण्याची वाट अरुंद केली गेली. चांगला माणूस टिकवायचा तर त्याला थांबावंसं वाटेल असं काही द्यावं लागतं. ते महाग पडतं. त्यापेक्षा जाणं अवघड करून ठेवणं स्वस्त. आजच्या लांब नोटीसमागे हाच हिशोब आहे. कैदेची जागा आता अडकवून ठेवलेल्या फुल अँड फायनल सेटलमेंटनं म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या पैशांनी, न दिलेल्या रिलीव्हिंग लेटरनं म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याच्या पत्रानं आणि वकिलाच्या पत्रानं घेतली आहे.

या इतिहासातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट तो संपतानाची आहे. १८७५ मध्ये ब्रिटिश संसदेनं काम सोडण्याला गुन्हा ठरवणारी तरतूद काढून टाकली, पण सरसकट नाही. काम टाकल्यानं कुणाचा जीव धोक्यात येणार असेल, गंभीर इजा होणार असेल किंवा मौल्यवान मालमत्तेची नासाडी होणार असेल, तर तो गुन्हाच राहिला. गॅस आणि पाणी पुरवणाऱ्या कामगारांसाठीही वेगळी तरतूद राहिली. भारतातही १९२५ च्या साफसफाईत दंड संहितेतली नोकरी सोडण्याबद्दलची ४९० आणि ४९२ ही कलमं गेली, ४९१ राहिलं. वय, आजार किंवा अपंगत्व यामुळे असहाय असलेल्या माणसाची काळजी घेण्याचा करार करून ती अर्धवट सोडणं, एवढाच गुन्हा शिल्लक राहिला. आजच्या भारतीय न्याय संहितेत तेच कलम ३५७ आहे. म्हणजे शतकानुशतकं मालकाच्या सोयीनं चाललेला विचार जेव्हा तपासला गेला, तेव्हा शेवटी एकच प्रश्न उरला: हा माणूस आज निघून गेला तर ज्याचा काही दोष नाही अशा तिसऱ्या माणसाचं काय होईल? नोटीस किती असावी हे ठरवायला मला याहून चांगला प्रश्न सापडत नाही.

आता तीन महिन्यांच्या नोटीशीत प्रत्यक्ष काय घडतं ते बघू. माणूस पेपर टाकतो, म्हणजे राजीनामा देतो. पहिले काही दिवस समजूत घालण्यात जातात: मॅनेजर, त्याचा मॅनेजर, मग काउंटर-ऑफर, म्हणजे थांबण्यासाठी जास्त पगाराचं आमिष. ती नाकारली की वातावरण थंड होतं. नवं काम दिलं जात नाही, कारण तो जाणार आहे. महत्त्वाच्या बैठकांना बोलावलं जात नाही, कारण तो जाणार आहे. त्याच्या जागी कोण येणार हे मात्र ठरलेलं नसतं, म्हणून सोपवायचं कुणाकडे हेही ठरत नाही. मधले सहा-सात आठवडे असेच वाया जातात. मग शेवटच्या दहा दिवसांत कुणाला तरी घाईघाईनं शेजारी बसवून केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे कामाची माहिती सोपवणं) उरकली जाते. जाणारा स्लाइडवर स्लाइड दाखवतो, घेणारा मान डोलावतो, आणि पहिल्याच अडचणीला फोन लागतो तो गेलेल्या माणसाला. नव्वद दिवसांपैकी सोपवण्याच्या कामी जेमतेम दोन आठवडे आले. बाकीचे दिवस कंपनीनं पगार देऊन आणि माणसानं उमेद घालवून संपवले. टीममधल्या इतरांनाही रोज एक मन उडालेला माणूस समोर दिसत राहिला, त्याचा परिणाम वेगळाच.

सोपवता येण्यासारखं जे असतं त्याला खरं तर वेळ कमी आणि शिस्त जास्त लागते. कुठली फाइल कुठे आहे, कुठल्या खात्याची मालकी कुणाच्या नावावर आहे, कुणाला काय कबूल केलंय आणि कधीपर्यंत, कुठला निर्णय अर्धवट आहे आणि तो अर्धवट का ठेवलाय, अडलं तर कुणाला विचारायचं, हे सगळं लिहून काढायला एक आठवडा पुरतो. त्यानंतर दोन आठवडे काम घेणाऱ्यानं स्वतः करायचं आणि जाणाऱ्यानं बाजूला बसून बघायचं, विचारलं तरच बोलायचं. सोपवणं झालंय की नाही हे फक्त याच पद्धतीनं कळतं, आणि नेमकी हीच पद्धत फार कमी ठिकाणी वापरली जाते. उरतो तो अनुभव, अंदाज, डोळ्यांनी बघून चूक ओळखण्याची नजर. ती वर्षांनी येते. तीस दिवसांत देता येत नाही, आणि नव्वदमध्येही येत नाही.

यावर पहिला गंभीर आक्षेप येतो तो गुंतागुंतीच्या कामाचा. काही कामं अशी असतात की त्यांचे धागेदोरे एकाच माणसाला माहीत असतात. तो महिन्यात गेला तर सगळं कोलमडेल. असं घडतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण तसं असेल तर तो माणूस उद्या आजारी पडला तर काय करणार होता? नोटीस देऊन जाणारा निदान सांगून जातो, अपघात सांगून येत नाही. बँकांनी या प्रश्नाचा विचार फार आधीपासून केला आहे. संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावं, तेही आधी न कळवता, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उद्देश गैरव्यवहार उघडकीला येण्याचा आहे; पण त्यातून दुसरी गोष्टही साधते. ज्या जागेवरचा माणूस अचानक दोन आठवडे नसला तरी काम चालू शकतं, तिथलं ज्ञान एका डोक्यात अडकलेलं नसतं. जी संस्था हे वर्षभर करत नाही, ती वर्षभराची ढिलाई जाणाऱ्या माणसाच्या तीन महिन्यांतून भरून काढू बघते. ज्याची जबाबदारी नाही त्याच्याकडून वसुली करण्याचाच हा प्रकार झाला.

दुसरा आक्षेप खर्चाचा: आम्ही माणूस घडवतो, पैसा घालतो आणि तो उठून जातो. वैमानिकांचं उदाहरण इथे हमखास दिलं जातं. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं २०१७ मध्ये कमांडरसाठी एक वर्षाची आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची नोटीस ठरवली. कारण दिलं ते असं की नवा वैमानिक तयार करायला कित्येक महिने लागतात आणि अचानक राजीनाम्यांनी उड्डाणं रद्द होऊन प्रवाशांचे हाल होतात. या कारणात तथ्य आहे. २०२३ मध्ये एका नव्या विमान कंपनीचे अनेक वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले, उड्डाणं रद्द झाली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत पोचलं. पण हे कारण नीट वाचलं तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या दिसतात. प्रवाशांची गैरसोय टाळायला महिना-दोन महिन्यांचं वेळापत्रक हाती असावं, ही एक. नवा माणूस तयार करायचा खर्च आणि वेळ, ही दुसरी. दुसरी गोष्ट सर्वस्वी मालकाच्या धंद्याची आहे. प्रशिक्षणावर खरोखर पैसा खर्च केला असेल तर तो उघडपणे लिहा: इतका खर्च, इतक्या वर्षांत फिटेल, आधी गेलात तर उरलेला भरा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेचा असा बाँड वैध ठरवला: तीन वर्षं नोकरी, नाहीतर दोन लाख रुपये. मला स्वतःला सरसकट बाँड आवडत नाहीत, त्यांचा गैरवापर खूप होतो. तरीही आकडा समोर ठेवणारा बाँड लांब नोटीशीपेक्षा सरळ आहे, कारण माणसाला आपण काय देणं लागतो ते कळतं आणि ते देऊन मोकळं होता येतं.

तिसरा आक्षेप माझ्या दृष्टीनं सर्वांत जड आहे: छोट्या कंपन्यांचा. हजार माणसांच्या कंपनीत एक गेला तर फरक पडत नाही. पाच माणसांच्या कार्यालयात एक गेला तर पाचवा हिस्सा गेला. तिथला मालक कुठल्याही दुष्ट हेतूनं तीन महिने मागत नाही, तो घाबरलेला असतो. त्याच्याबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. पण त्याला हवं असलेलं संरक्षण लांब नोटीस देते का? त्याला खरं तर लवकर कळायला हवं असतं. आणि लवकर कळणं हे करारातल्या आकड्यावर अवलंबून नसतं, याआधी गेलेल्या माणसाला कसं वागवलं यावर असतं. मी चार महिन्यांनी पुढच्या शिक्षणासाठी जाणार आहे, असं प्रामाणिकपणे आधी सांगणाऱ्याची त्या वर्षीची पगारवाढ कापली, त्याला चांगल्या कामावरून काढलं, तर पुढचा प्रत्येक जण शेवटच्या क्षणापर्यंत तोंड बंद ठेवणार. उलट त्याला सन्मानानं निरोप दिला, गेल्यावर महिनाभर तासाच्या हिशोबानं पैसे देऊन शंका विचारायची सोय केली, तर पुढचा माणूस करारात महिना असताना दोन महिने आधी सांगतो. छोट्या कंपनीत मालक आणि कर्मचारी रोज समोरासमोर बसतात. विश्वासाची ही कमाई मोठ्या कंपनीपेक्षा तिथेच जास्त सोपी आहे.

सही केली होती ना, हा युक्तिवाद मी थोडक्यात घेतो, कारण तो दिसतो तितका मजबूत नाही. करार पाळावा हे बरोबरच. पण ज्या छापील मजकुरात उमेदवाराला एक शब्दही बदलता येत नाही, तिथली सही म्हणजे अटींची चर्चा नव्हे. दुसरं, करार मोडण्याचा परिणाम भरपाई हा आहे, जबरदस्तीनं काम करून घेणं हा नाही. लंडनमध्ये १८५२ साली योहाना वाग्नर या गायिकेचा खटला गाजला. तिनं एका नाट्यगृहाशी करार करून दुसरीकडे गायचं ठरवलं होतं. न्यायालयानं तिला दुसरीकडे गायला मनाई केली, पण पहिल्या ठिकाणी गाच, असा हुकूम देता येणार नाही असंही स्पष्ट केलं. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीनं राबवून घेत नाही, हे तत्त्व तेव्हापासून अनेक देशांच्या कायद्यात रुजलं आहे. तेव्हा उरलेल्या दिवसांचा पगार भरून म्हणजे बायआउट करून माणूस जात असेल, तर त्यानं करार मोडला असं म्हणणंच चूक आहे. करारातच दिलेला दुसरा रस्ता त्यानं घेतला. बायआउट मॅनेजरच्या मर्जीवर ठेवणारी अट मात्र मला अन्याय्य वाटते. पैसे भरायला तयार असलेल्याला थांबवून कंपनी नेमकं काय मिळवते?

लांब नोटीस कर्मचाऱ्याचंही रक्षण करते, हा मुद्दा टीकाकार सहसा टाळतात. काढून टाकलं तर तीन महिन्यांचा पगार हाती राहतो, दुसरी नोकरी शोधायला वेळ मिळतो. मुद्दा खरा आहे. पण त्यासाठी दोन्ही बाजूंना सारखंच बांधण्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार महिनाभर नोकरी झालेल्या कर्मचाऱ्यानं द्यायची किमान नोटीस फक्त एक आठवडा आहे. मालकानं द्यायची मात्र दोन वर्षांनंतर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एक आठवडा अशी वाढत १२ आठवड्यांपर्यंत जाते. जर्मनीत कर्मचाऱ्याला चार आठवडे आणि मालकाला २० वर्षांच्या नोकरीनंतर सात महिने. शिवाय कर्मचाऱ्यावर मालकापेक्षा लांब मुदत लादता येत नाही, असं तिथल्या दिवाणी संहितेत स्पष्ट लिहिलंय. नेदरलँड्समध्ये करारानं कर्मचाऱ्याची मुदत वाढवली तर मालकाची सर्वसाधारणपणे त्याच्या दुप्पट होते. जपानच्या दिवाणी संहितेत बेमुदत नोकरी सोडायला दोन आठवडे पुरतात, काढायला मात्र ३० दिवसांची सूचना किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. या देशांचे उद्योग बुडाले का? त्या कायद्यांमागे साधं गणित आहे. एक कर्मचारी गेला तर कंपनीची अनेकांतली एक जागा रिकामी होते; नोकरी गेली तर माणसाचं एकमेव उत्पन्न जातं. ज्याचं नुकसान मोठं त्याला संरक्षण जास्त.

मग बाजारात नव्वद दिवस टिकून का आहेत? कारण प्रत्येक कंपनी दुसरीकडे बोट दाखवते. आम्हाला नवा माणूस यायला तीन महिने लागतात, म्हणून जाणाऱ्याला तीन महिने धरून ठेवावं लागतं. नवा माणूस तीन महिन्यांनी का येतो? त्याची कंपनीही हेच म्हणतेय. गर्दीत पुढच्यानं टाचा उंचावल्या की मागच्यालाही उंचावाव्या लागतात. सगळ्यांचे पाय दुखतात आणि आधीपेक्षा जास्त कुणालाच दिसत नाही. या चक्राचे दुष्परिणाम पुन्हा मालकच भोगतात. तीन महिने हातात असलेला माणूस एका ऑफरवर थांबत नाही. ती दाखवून दुसरी, दुसरी दाखवून तिसरी मिळवतो आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन उचलत नाही. एचआर मग उमेदवारांच्या बेइमानीबद्दल तक्रार करते. शब्द फिरवणं चूकच आहे, मी त्याची बाजू घेणार नाही. पण एवढा लांब रिकामा काळ निर्माण केला तर त्यात बोली लागणार, हे न कळण्याइतकं कुणी भाबडं नसतं.

आता दुसऱ्या सुराकडे येतो, कारण तिकडची चूकही तितकीच मोठी आहे. कंपनी एका ईमेलवर काढते, हे उदाहरण आधी पूर्ण बघायला हवं. जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं सुमारे १२,००० जणांना कमी करायचं जाहीर केलं. अमेरिकेतल्या अनेकांना ते ईमेलनं कळलं, लॉगिन बंद झालं, सहकाऱ्यांचा निरोपही घेता आला नाही. वागणूक वाईटच होती. पण तिथल्या कर्मचाऱ्यांना किमान ६० दिवसांच्या नोटीस काळाचा पगार मिळाला, वर सेव्हरन्स म्हणजे कपातीची भरपाई वेगळी. हे ६० दिवस मोठ्या कपातीसाठी १९८८ च्या एका अमेरिकी कायद्यात आहेत, आणि तो कायदा नसता तर ते मिळालेच असते असं मी म्हणणार नाही. यातून धडा घ्यायचा तर असा कायदा सगळीकडे आणि सगळ्यांना लागू व्हावा, यासाठी भांडण्याचा घ्यावा. न सांगता जाण्यानं कपातीची यादी करणाऱ्याला ओरखडाही उठत नाही. भार पडतो तो शेजारच्या टेबलावरच्या माणसावर. अर्धवट राहिलेलं काम त्याच्याकडे जातं, रात्रीचे फोन त्याला येतात, ग्राहकाचा राग तो ऐकतो, आणि त्याची रजा रद्द होते. यादीत त्याचंही नाव असू शकलं असतं. संस्थेवरचा राग सहकाऱ्यावर काढणं हा न्याय कसा होईल?

आणि ज्याला आपण व्यावसायिक काम म्हणतो, त्यात सहकाऱ्यांपलीकडेही माणसं असतात. न्यायालयात चालू असलेला खटला वकिलाला मनात आलं म्हणून सोडता येत नाही. अनेक ठिकाणी त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. भारतात मुदतीआधी राजीनामा देणाऱ्या ऑडिटरला ३० दिवसांच्या आत कारणांसह निवेदन दाखल करावं लागतं. उपचार मधेच थांबवणाऱ्या डॉक्टरनं रुग्णाला दुसरी सोय करायला पुरेसा वेळ द्यावा, हे वैद्यकीय नीतिशास्त्राचं जुनं तत्त्व आहे. इंग्लंडमधल्या शाळांची पद्धत मला खास आवडते. तिथल्या शिक्षकांसाठी ठरलेल्या तारखा आहेत: डिसेंबरअखेर सोडायचं तर ३१ ऑक्टोबरपर्यंत, एप्रिलअखेर सोडायचं तर फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत आणि ऑगस्टअखेर सोडायचं तर ३१ मेपर्यंत राजीनामा द्यावा लागतो. ही मुदत महिन्याहून लांब आहे आणि तरीही माझा तिला विरोध नाही, कारण ती शाळेच्या सत्रांवरून आली आहे. मुलांचं वर्ष मधेच तुटू नये, एवढंच तिच्यामागे आहे. म्हणून एक महिना हा आकडा मला पवित्र वाटत नाही. कामाच्या स्वभावातून लांब मुदत निघत असेल तर ती द्यावी. कुठल्या कामासाठी, कुणाच्या भल्यासाठी, हे मात्र मागणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

काही वेळा एक दिवसाचीही नोटीस देणं लागत नाही. पगार थकवला असेल, छळ होत असेल, खोट्या कागदांवर सही करायला सांगितलं जात असेल, किंवा त्या जागी राहून तब्येत ढासळत असेल, तर माणसानं आधी स्वतःला सोडवावं. जपानमध्ये तर पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीनं राजीनामा कळवणाऱ्या संस्था चालतात, कारण कित्येकांना वरिष्ठांसमोर जाऊन सोडतो असं म्हणण्याचीच भीती वाटते. कायद्यानं दोन आठवडे पुरेसे ठरवूनही माणसाला मध्यस्थ लागावा, यावरून कळतं की मुदत छोटी करून भागत नाही. राजीनामा ऐकून घेणाऱ्याची वागणूकही बदलावी लागते.

त्या वागणुकीत सर्वांत आधी बदलायला हवी ती रिलीव्हिंग लेटरची प्रथा. १५६३ च्या त्याच इंग्रजी कायद्यात जुन्या ठिकाणच्या दाखल्याशिवाय नव्या मालकानं नोकराला कामावर घेऊ नये असं होतं. फ्रान्समध्ये १८०३ पासून कामगाराला एक पुस्तिका बाळगावी लागायची. मालक ती स्वतःकडे ठेवून घेई आणि त्याची नोंद होईपर्यंत कामगाराला दुसरीकडे जाता येत नसे. जाण्याचा अधिकार कागदावर होता, पण तो कागद मालकाच्या कपाटात होता. ती पुस्तिका १८९० मध्ये बंद झाली. आज एका पत्रासाठी महिनोन्‌महिने ईमेल लिहिणाऱ्या माणसाची अवस्था यापेक्षा किती वेगळी आहे? आणि गंमत अशी की हे पत्र प्रभावी ठरतं ते नवी कंपनी ते मागते म्हणून. नोकरी केल्याचा पुरावा पगाराच्या पावत्यांत, बँकेच्या नोंदींत, भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात असतो. भरती करणाऱ्या कंपन्यांनी तो ग्राह्य धरला, तर जुन्या मालकाच्या हातातलं हे हत्यार कुठलाही नवा कायदा न करता बोथट होईल. मुदतीचंही तसंच आहे. कायद्याची वाट न बघता कुठलीही कंपनी आपल्या नियुक्तीपत्रात एक महिना लिहू शकते, कपातीसाठी स्वतःवर दोन महिने बांधून घेऊ शकते, आणि राजीनामा आल्याच्या दुसऱ्या दिवशी काम कुणाकडे जाणार ते ठरवू शकते. स्वतःच्या माणसांना ९० दिवस धरून ठेवणारी आणि उमेदवाराला मात्र पंधरा दिवसांत या म्हणणारी कंपनी या वादात काही बोलणार असेल, तर तिनं आधी हा आकडा बदलावा.